टिंग : सभा, खटला आणि वस्तू

डेन्मार्कमध्ये घर घेतले की मालकी बदलल्याची सरकारी नोंद करावी लागते. आपल्याकडच्या दस्तनोंदणीसारखेच हे काम. तिथे २००९पासून ते ऑनलाइन होते. या नोंदणीचे डॅनिश नाव 'टिंगलूसनिंग', म्हणजे 'टिंगपुढे जाहीर करणे'. टिंग ही परिसरातल्या स्वतंत्र माणसांची उघड्यावर भरणारी सभा. जमीन विकणारा तिथे चारचौघांसमक्ष उभा राहून व्यवहार बोलून दाखवी आणि ऐकणारे सगळे त्याचे साक्षीदार होत. सभा बंद पडून काही शतके लोटली, पण कागदावर तिचे नाव राहिले. त्याच डॅनिश भाषेत टेबलावरचा चमचा, कपाटातली पेटी, मनातली एखादी बाब यांनाही 'टिंग'च म्हणतात. इंग्रजीतला 'थिंग' हा याचाच सख्खा भाऊ.

हा एवढासा शब्द सभेचेही नाव कसा झाला आणि चमच्याचेही? तो मुळात कुठून आला? ज्या सभेला तो नाव देतो ती खरोखर लोकांची होती का? हे तीन प्रश्न गेली दीडशे-दोनशे वर्षे भाषाशास्त्रज्ञ, कायद्याचे इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ यांच्यात फिरत आहेत. ते वेगवेगळे आहेत हे सुरुवातीलाच सांगायला हवे, कारण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या खात्यावर मांडल्याने या चर्चेत बराच गोंधळ झाला आहे.

आजचा वापर

डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांनी दोन अर्थांची वाटणी लिंगावर केली आहे. वस्तू असेल तर 'एन टिंग', सभा असेल तर 'एट टिंग', म्हणजे नपुंसकलिंगी. स्वीडिशमध्ये दोन्ही अर्थांना नपुंसकलिंगच चालते; पण रोजच्या बोलण्यात वस्तूला 'साक' हा वेगळा शब्द आहे आणि 'टिंग' म्हटले की प्रथम कोर्ट आठवते. तिथल्या प्राथमिक न्यायालयाचे नाव 'टिंगस्रेट', आणि कायद्याची पदवी घेतलेली तरुण मंडळी तिथे उमेदवारी करतात त्याला 'टिंग बसणे' असा वाक्प्रचार आहे. आइसलँडिक भाषेत उच्चार अजून जुना, 'थिंग' असा आहे आणि अर्थ मुख्यतः सभेचा. वस्तूला तिथे 'ह्लुतुर' म्हणतात. फेरो बेटांवरची स्थितीही आइसलँडच्या जवळची आहे.

हे किती नाजूक आहे ते एका अक्षरावरून कळते. नॉर्वेजियनमध्ये 'टिंगरेट' म्हणजे पहिल्या पायरीचे न्यायालय आणि 'टिंगस्रेट' म्हणजे मालमत्तेचा कायदा. सीमा ओलांडून स्वीडनमध्ये गेले की तोच मधला 'स' असलेला शब्द न्यायालयाचा होतो. दोन शेजारी देशांतल्या वकिलांना एकमेकांचे कागद वाचताना इथे थांबावे लागते.

संसदांची नावे सर्वांना परिचित आहेत. नॉर्वेचे स्टोर्टिंग १८१४चे, डेन्मार्कचे फोल्केटिंग १८४९च्या राज्यघटनेतून आलेले, आइसलँडचे अल्थिंगी परंपरेने इ.स. ९३०चे. फेरो बेटांचे लॉगटिंग आणि फिनलंडमधल्या ओलांड बेटांचे लागटिंग हेही याच घराण्यातले. ब्रिटनमध्ये वायकिंग वसाहतींच्या खुणा म्हणून डिंगवॉल, टिंगवॉल, थिंगवॉल ही गावे आहेत आणि आयल ऑफ मॅनची संसद टिनवॉल्ड आहे. ही सगळी नावे 'टिंगचे मैदान' या एकाच समासाची रूपे आहेत. इंग्लंडमध्ये निवडणूक प्रचाराला 'हस्टिंग्ज' म्हणतात, त्याचे मूळही जुन्या नॉर्स भाषेतल्या 'घरच्या टिंग'मध्ये आहे.

सर्वांत जुने पुरावे

शब्द स्कँडिनेव्हियाचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा बहुधा सर्वांत जुना लेखी पुरावा तिथला नाही. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीवरच्या हाउसस्टेड्स या रोमन ठाण्याजवळ १८८३मध्ये दगडी वेद्या सापडल्या. तिसऱ्या शतकात तिथे पहारा देणाऱ्या, आजच्या नेदरलँड्समधल्या ट्वेंटे भागातून आलेल्या सैनिकांनी त्या 'मार्स थिंक्सस' या देवाला वाहिल्या आहेत. बहुतेक अभ्यासक या विशेषणात 'थिंग'च पाहतात : टिंगचा रक्षक असलेला युद्धदेव, म्हणजे नॉर्स पुराणातला टिर. जर्मन आणि डच भाषांतली मंगळवारची नावे याच विशेषणावरून आली असे मानणारा मोठा पक्ष आहे. गंमत अशी की खुद्द स्कँडिनेव्हियात मंगळवार थेट टिरच्या नावाने ओळखला जातो.

यानंतरचे पुरावे कायद्यांतले आहेत. इटलीत स्थिरावलेल्या लोंबार्ड लोकांचा राजा रोथारी याने ६४३मध्ये लॅटिनमध्ये संहिता लिहवली. तीत 'थिंक्स' हा शब्द औपचारिक दानासाठी, साक्षीदारांपुढे केलेल्या हस्तांतरणासाठी येतो. केंटच्या सातव्या शतकातल्या इंग्रजी कायद्यात तो सभेसाठी येतो. म्हणजे सातव्या शतकापर्यंत हा शब्द जर्मानिक भाषा बोलणाऱ्या दूरदूरच्या समाजांत कायद्याचा शब्द म्हणून रुजला होता. स्कँडिनेव्हियाचे वेगळेपण एवढेच की इतरांनी टाकून दिलेला सभेचा अर्थ तिथे टिकला.

स्कँडिनेव्हियातला सर्वांत बोलका पुरावा अकराव्या शतकातल्या रूनशिलांचा, म्हणजे रून लिपीत कोरलेल्या दगडांचा. स्टॉकहोमच्या उत्तरेला वालेंटुना इथे यार्लाबांके नावाच्या माणसाने उभारलेली शिला आहे. तिच्या एका बाजूला तो सांगतो की ही शिला त्याने जिवंतपणी स्वतःसाठीच उभारली आणि टेबू हे गाव त्याच्या एकट्याच्या मालकीचे आहे. दुसऱ्या बाजूला तो म्हणतो की ही टिंगची जागा त्याने केली आणि हा सगळा तालुका त्याचा एकट्याचा आहे. हा दगड पुढच्या वादात पुन्हा लागणार आहे.

मूळ धातू कोणता?

व्युत्पत्तीच्या वादात आज सर्वांत वजनदार पक्ष काळाचा आहे. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये 'थेइह्स' हा शब्द 'काळ, वेळ' या अर्थाने येतो. त्यातला 'ह' आणि 'थिंग'मधला 'ग' यांचा मेळ डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल वर्नर यांनी १८७०च्या दशकात मांडलेल्या ध्वनिनियमाने बसतो : मूळ शब्दात आघात कुठे होता त्यावरून एकाच व्यंजनाच्या दोन वाटा होतात. हे मान्य केले तर 'थिंग'चा आद्य अर्थ ठरतो 'नेमलेली वेळ', आणि त्यावरून 'नेमलेल्या वेळी भरणारी सभा'. मराठी माणसाला ही उडी परकी वाटणार नाही. कोर्टात 'तारीख आहे' असे आपण म्हणतो तेव्हा दिनदर्शिकेतल्या दिवसाबद्दल बोलत नसतो, सुनावणीबद्दल बोलत असतो.

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८च्या सुमारास लिहिलेले जर्मानिक जमातींचे वर्णनही या पक्षाच्या मदतीला येते. या सभा अमावास्येला किंवा पौर्णिमेला, ठरल्या दिवशी भरतात असे तो सांगतो. आणि माणसे वेळेवर न आल्याने दोन-तीन दिवस वाया जातात अशी तक्रारही करतो. टॅसिटसने 'थिंग' हा शब्द मात्र वापरलेला नाही.

या मतानुसार शब्द पुढे 'ताणणे' या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूपर्यंत जातो : ताणलेला, पसरलेला अवधी म्हणजे काळ. संस्कृत 'तन्', आपले ताण, ताणणे आणि तंतू हे त्याच कुळातले. अडचण अशी की याच्याशी जवळजवळ सारखा दिसणारा दुसरा एक धातू कोशांत आहे, ज्याचा अर्थ 'दाट होणे, घट्ट होणे, विरजणे'. संस्कृत 'तक्र' म्हणजे आपले ताक, जर्मनमधला 'दाट'साठीचा शब्द 'डिख्ट' आणि इंग्रजीतला 'टाइट' हे त्याचे वंशज मानले जातात. माणसे जमणे म्हणजे दाटी होणे, असा विचार करून टिंगला या दुसऱ्या धातूकडे न्यायचा मोह होतो. कोशकारांचा कल पहिल्याकडे आहे. मलाही तोच रास्त वाटतो, कारण त्याच्या मागे गॉथिकमधला प्रत्यक्ष शब्द आहे. दुसऱ्याच्या मागे फक्त अर्थाची जवळीक आहे. तरीही 'काळ' पक्षाचा सगळा भार एका गॉथिक शब्दावर आहे आणि गॉथिकमध्ये सभेच्या अर्थाचा 'थिंग' आजवर मिळालेला नाही, हे विसरता येत नाही.

सभेची वस्तू कशी झाली?

पाठ्यपुस्तकी उत्तर चार पायऱ्यांचे आहे. आधी सभा, मग सभेपुढचा खटला, मग कोणतीही बाब, शेवटी कोणतीही वस्तू. याला बळ देणारी उदाहरणे युरोपभर आहेत. लॅटिन 'कौसा' म्हणजे खटला, त्यापासून फ्रेंच 'शोझ' आणि इटालियन 'कोझा' म्हणजे वस्तू. स्वीडिश 'साक' आणि जर्मन 'झाखे' यांचेही मूळ भांडणात, दाव्यात आहे. एकाच खंडात तीन वेगवेगळ्या शब्दांनी कोर्टातून बाजारापर्यंतचा तोच रस्ता चालावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

चौथे उदाहरण युरोपबाहेरचे आणि आपल्या अगदी तोंडातले आहे. 'एक गोष्ट सांगू?', 'ती गोष्ट वेगळी', 'घरात लागणाऱ्या गोष्टी' असे आपण दिवसभर म्हणतो. ही 'गोष्ट' संस्कृत 'गोष्ठी'पासून आली आणि गोष्ठी म्हणजे सभा, चार माणसांची बैठक. सभेतून संभाषण, संभाषणातून विषय आणि कथा, विषयातून बाब, बाबीतून वस्तू. टोके टिंगचीच आहेत. मधली वाट मात्र वेगळी : मराठीत ती न्यायनिवाड्यातून गेली नाही, बोलण्यातून गेली. म्हणून या उदाहरणाने पाठ्यपुस्तकी उत्तराला आधार मिळतो तसा एक प्रश्नही उभा राहतो. सभेपासून वस्तूपर्यंत पोहोचायला खटल्याची पायरी लागतेच का?

इथे दोन पर्यायी मते आहेत. एक म्हणते की 'नेमलेली वेळ' याच अर्थातून 'प्रसंग' आणि 'घडलेली बाब' हे अर्थ सरळ निघू शकतात, मग सभा आणि बाब या दोन समांतर फांद्या ठरतात. दुसरे मत रोथारीच्या 'थिंक्स'कडे बोट दाखवते : टिंगपुढे मालमत्तेचे हस्तांतरण होत असे, त्यामुळे 'टिंगपुढे दिलेले ते' असा अर्थ थेट मालमत्तेला चिकटला असेल. जुन्या नॉर्समध्ये या शब्दाचे अनेकवचन मौल्यवान चीजवस्तूंसाठी वापरलेले आढळते, ते या मताला अनुकूल आहे. जुन्या इंग्रजीत आणि जुन्या जर्मनमध्ये मात्र 'बाब' हा अमूर्त अर्थ 'वस्तू'च्या आधी भरात आलेला दिसतो. तिथे पायऱ्यांचा क्रम शाबूत राहतो.

स्कँडिनेव्हियापुरता आणखी एक पेच आहे. मध्ययुगात हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या व्यापाऱ्यांबरोबर उत्तर जर्मनीची भाषा डॅनिश आणि स्वीडिश शहरांत इतकी मुरली की रोजचे शेकडो शब्द तिच्यातून आले. 'वस्तू' हा टिंगचा अर्थही तिथूनच आला का? हान्साच्या भाषेचा प्रभाव कमी पडलेल्या आइसलँडमध्ये तो अर्थ क्षीण आहे आणि हान्साच्या दाराशी असलेल्या डॅनिशमध्ये बळकट, हे चित्र आयातीच्या बाजूचे आहे. उलट, जुन्या नॉर्समधल्या चीजवस्तू हान्साच्या आधीच्या आहेत, आणि जर्मन-डच भाषांत हा शब्द नपुंसकलिंगीच आहे. तेव्हा डॅनिश 'एन टिंग'मधले लिंग जर्मनकडून आले असे म्हणता येत नाही. घरचे बीज होते, ते जर्मन संपर्काने फोफावले, ही मधली भूमिका मला पटते. लिंग का बदलले याचा समाधानकारक खुलासा मात्र अजून माझ्या वाचनात नाही.

लोकसभा की सरदारांचा दरबार?

शब्दापेक्षा संस्थेचा वाद जुना आणि जास्त तापलेला आहे. माँतेस्क्यूने १७४८मध्ये लिहिले की इंग्रजांच्या राज्यव्यवस्थेचे मूळ जर्मनीच्या रानांत आहे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलँड स्वतःच्या संसदा उभारत होते तेव्हा हा विचार त्यांना जवळचा वाटला. नव्या संसदांना टिंग हे जुने नाव दिले गेले ते याच भावनेने. १८००मध्ये बंद झालेले अल्थिंगी १८४५मध्ये पुन्हा भरले तेव्हा त्याच्यामागेही ती होती. मुक्त शेतकऱ्यांची सभा, राजालाही जाब विचारणारी; हे चित्र शाळेच्या पुस्तकांत गेले.

त्यातले सर्वांत गाजलेले दृश्य १०१८च्या उप्साला टिंगचे. वृद्ध कायदेपंडित तोरग्न्यू उठतो आणि शेतकऱ्यांचे ऐकले नाहीस तर तुला ठार करू असे राजा ओलोफला बजावतो. हे लिहिले आइसलँडचा इतिहासकार स्नोर्री याने, घटनेनंतर दोनशे वर्षांनी. स्वीडिश इतिहासकार लाउरिट्स वेइबुल यांनी १९११मध्ये सागांची, म्हणजे आइसलँडमधल्या जुन्या गद्यकथांची, कठोर साधनचिकित्सा मांडली. तेव्हापासून हे भाषण स्नोर्रीची निर्मिती असल्याचे बहुतेक जण मान्य करतात. यार्लाबांकेचा दगडही इथे साक्ष देतो : त्याच्या लेखी टिंगची जागा लोकांनी मिळून केलेली नाही, एका धनवान माणसाने करून दिलेली आहे.

दुसरी बाजू इतक्याने कोसळत नाही. एगिलच्या सागेत पश्चिम नॉर्वेतल्या गुलाटिंगचे वर्णन आहे. सपाट मैदानात हेझलच्या काठ्या वर्तुळाकार रोवलेल्या, त्यांभोवती पवित्र मानलेले दोर, आत तीन जिल्ह्यांतून प्रत्येकी बारा असे छत्तीस न्यायाधीश. वारसाहक्काचा दावा एगिलच्या बाजूने झुकतो आहे असे दिसताच राणी गुन्हिल्डची माणसे दोर कापतात, काठ्या मोडतात आणि न्यायाधीशांना पांगवतात. हा प्रसंग जसाच्या तसा घडला असे कोणी म्हणत नाही. पण दोर कापणे हा भयंकर अपराध आहे, हे ऐकणाऱ्याला पटल्याशिवाय ही कथा उभीच राहत नाही. सत्ताधारी दोर कापू शकत होते आणि तरी तो दोर पवित्र होता, या दोन्ही गोष्टी ती एकदम सांगते.

आइसलँडबद्दल माहिती जास्त आहे, म्हणून तिथे मत सावधपणे देता येते. कायदा सांगणारा अधिकारी दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी आणि तीन वर्षांत तो पूर्ण करी. १११७-१८च्या हिवाळ्यात कायदे लिहून काढायला सुरुवात झाली. कायदे करण्याचा अधिकार 'गोदी' म्हणवल्या जाणाऱ्या सरदारांच्या मंडळाकडे होता. प्रत्येक शेतकऱ्याला कोणत्यातरी गोदीचा पाईक व्हावे लागे. ठरावीक मालमत्ता असलेल्याने अल्थिंगीला जायचे किंवा जाणाऱ्याच्या खर्चाला पैसे द्यायचे. गुलामांना या व्यवस्थेत आवाज नव्हता. निकाल मिळाला तरी तो अमलात आणणारे पोलीस-सैन्य नसल्याने जिंकणाऱ्यालाच ते करावे लागे, म्हणजे मागे माणसे असलेल्याचा निकाल खरा. याला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणता येत नाही. पण निकाल उघड्यावर, सर्वांना माहीत असलेल्या नियमांनी आणि जमावाच्या कानांदेखत व्हावा ही अट सरदारांनाही पाळावी लागत होती, आणि तेराव्या शतकातल्या युरोपात ही थोडी गोष्ट नव्हती. शब्द अखंड चालत आला म्हणून संस्था अखंड चालत आली असे धरून चालणे, ही या वादातली खरी चूक आहे असे मला वाटते. टिनवॉल्डने १९७९मध्ये सहस्राब्दी साजरी केली, पण ९७९ या सालाला कागदाचा आधार नाही.

जमिनीतून येणारे पुरावे

गेल्या काही दशकांत या वादाचा केंद्रबिंदू ग्रंथांकडून जमिनीकडे सरकला आहे. टिंगच्या जागा कुठे होत्या याचा स्थलनामे, टेकाडे, जुने रस्ते आणि जलमार्ग यांवरून एकत्रित अभ्यास होतो. त्यातून दिसते की पुष्कळ जागा ज्यांची हद्द एकमेकांना भिडते अशा वस्त्यांच्या सीमेवर आणि पाण्याने पोहोचता येईल अशा ठिकाणी होत्या.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर वर्तुळाकार किंवा अर्धवर्तुळाकार बांधलेल्या, मध्ये अंगण असलेल्या घरांच्या रांगा सापडल्या आहेत. त्यांतल्या काही इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या आहेत. पूर्वी त्या एखाद्या सरदाराच्या सैनिकांच्या बराकी मानल्या जात. इंगेर स्टोर्ली यांनी २०१०मध्ये उत्तर नॉर्वेतल्या रांगांबद्दल वेगळे सुचवले : ही टिंगची ठिकाणे आहेत आणि प्रत्येक घर एकेका वस्तीच्या प्रतिनिधींचे. हे खरे ठरले तर नॉर्वेतली सभा लिखित कायद्याच्या कित्येक शतके आधीची ठरते. बराकीवाले मत अजून मागे हटलेले नाही, कारण चुली, हाडे आणि राख दोन्ही अर्थांनी वाचता येतात. अल्थिंगी जिथे भरत असे त्या एवढ्या प्रसिद्ध थिंगवेल्लिरमध्येसुद्धा, ज्याला २००४मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला, कायदा सांगणारा ज्यावर उभा राही तो 'कायद्याचा खडक' नेमका कोणता यावर एकमत नाही. काही जण तो दरीच्या आत मानतात, काही दरीबाहेरच्या उतारावर.

तत्त्वज्ञांनीही या शब्दावर मोठे मजले चढवले. हायडेगरने १९५०च्या व्याख्यानात जुन्या जर्मन 'डिंग'मधल्या 'जमणे' या अर्थावरून वस्तू म्हणजे काय याचा विचार केला. ब्रुनो लातूरने २००५मध्ये कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने वस्तूंभोवती जमणाऱ्या लोकांचे राजकारण मांडले. दोघांचे विचार आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत. व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून मात्र त्यांचा उपयोग नाही.

सध्या सर्वांत कमी तपासलेला भाग उत्तरेकडचा आहे. नॉर्वेतल्या सामी लोकांची संसद १९८९मध्ये आणि स्वीडनमधली १९९३मध्ये सुरू झाली. सामी भाषेत तिचे नाव 'सामेदिग्गी', आणि त्यातला 'दिग्गी' स्कँडिनेव्हियन टिंगवरून फार पूर्वी उसना घेतलेला शब्द आहे. पूर्वेकडच्या स्कोल्ट सामींची स्वतःची ग्रामसभा होती, ती फिनलंडमध्ये तिथल्या कायद्याने आजही भरते. तिचे जुने नाव 'सोब्बार' रशियनमधून आले आहे. म्हणजे पश्चिमेकडच्या सामींनी सभेचा शब्द नॉर्स शेजाऱ्यांकडून घेतला आणि पूर्वेकडच्यांनी रशियन शेजाऱ्यांकडून. सभा मात्र दोघांकडे होती. कुरणे, मासेमारीचे पाणी आणि वारसा यांचे निवाडे करणारी ही बैठक शेजाऱ्यांच्या कोर्टांच्या धर्तीवर आली, की आधीपासून होती आणि तिला फक्त नवे नाव मिळाले, याचे उत्तर शोधायला टिंगच्या अभ्यासकांना नॉर्स ग्रंथ बाजूला ठेवून सामी गावांच्या दप्तरांकडे वळावे लागेल. सुओन्येल या स्कोल्ट गावाने शतकानुशतके जपलेले असे एक दप्तर २०१५मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत गेले आहे.